विसार दिलेली मुले

टेलिव्हिजनवरील ऐतिहासिक मालिकांचे चित्रीकरण जेथे झाले ती ठिकाणे एका दिवसात दाखवून आणणाऱ्या सहली, हा स्कॉटलंडमध्ये आज चांगलाच रुजलेला धंदा आहे. सकाळी एडिंबराहून बस निघते, संध्याकाळी तेथेच परत येते आणि मधल्या वेळात वाटाड्या माइकवरून बोलत असतो. यांतल्या पुष्कळशा सहली ‘आउटलँडर’ या एकाच मालिकेभोवती बांधलेल्या आहेत. डायना गॅबल्डन यांच्या १९९१ च्या कादंबरीपासून निघालेली ही मालिका २०१४ साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातून नुकतीच बाहेर पडलेली एक इंग्रज परिचारिका शिलावर्तुळातून थेट १७४३ मध्ये जाऊन पडते, एका हायलँडर तरुणाशी लग्न करते आणि जॅकोबाइटांच्या बंडात ओढली जाते, असे तिचे कथानक. जॅकोबाइट म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी उठलेले लोक. १७४६ साली कलोडनच्या माळावर त्यांचा कायमचा पराभव झाला.

एका परिसंवादाच्या निमित्ताने मला तिकडे जाण्याचा योग आला आणि एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा मीही अशा एका बसमध्ये बसलो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मीच. त्यामुळे वाडा पाहिला की येथे राहत कोण होते याआधी येथे राबत कोण होते, हे मनात येते. ही सवय पुस्तकांनी लावलेली नाही, घरातूनच आलेली आहे.

डूनचा किल्ला, नायकाचे घर म्हणून दाखविलेला मिडहोपचा वाडा, तुरुंग बनलेला लिनलिथगोचा राजवाडा, इंग्रज शिपायांचे ठाणे झालेला ब्लॅकनेसचा किल्ला. वाटाड्या बोलका आणि अभ्यासू होता. कोणत्या चौकात नायकाला फटके मारले, कोणत्या खिडकीत नायिका रडली, हे तो प्रसंगवार सांगे, आणि लोक त्या जागी उभे राहून छायाचित्रे काढीत. यात हसण्यासारखे काही नाही. कथेतल्या माणसांवर जीव जडणे ही फार जुनी गोष्ट आहे. आपल्याकडेही सीतेची न्हाणी गावोगाव दाखविली जातेच. आणि नाशिकच्या डोंगरातली बौद्ध भिक्षूंची लेणी पांडवांच्या नावावर चढली तीही अशाच कोणत्या तरी गोष्टीच्या जोरावर. पण गोष्ट जेव्हा जागेवर बसते, तेव्हा ती कोणाच्या तरी जागेवर बसते. तेवढे तपासण्याचा अधिकार इतिहासाच्या शिक्षकाला असावा.

माझा प्रश्न सुरू झाला तो कूरॉसला. फोर्थच्या खाडीच्या उत्तर काठावरचे हे लहानसे गाव. दगडी गल्ल्या, तांबडी कौले, पांढऱ्या भिंती. मालिकेत हेच ‘क्रेन्सम्यूर’ झाले. गावात पिवळ्या रंगाचा एक वाडा आहे, त्याला ‘पॅलेस’ म्हणतात, जरी तो राजाचा कधीच नव्हता. वाड्यामागच्या चढावर औषधी वनस्पतींची बाग आहे, आणि तीच नायिकेची बाग म्हणून पडद्यावर दिसते. आमच्या बसमधल्या सर्वांना ती बाग पाहायची होती. वाडा बांधला कोणी, याचे उत्तर वाटाड्याने एका वाक्यात दिले : सर जॉर्ज ब्रूस नावाच्या व्यापाऱ्याने, कोळसा आणि मीठ यांच्या पैशावर. मग आम्ही बागेत गेलो.

त्या एका वाक्यातच सगळा इतिहास आहे. ब्रूसने १५९० नंतरच्या दशकात खाडीच्या तळाखाली कोळसा खणण्याचे धाडस केले. भरतीच्या रेषेच्या आत दगडी तटबंदीचे एक कृत्रिम बेट बांधून त्यातून विहिरीसारखी खाण खाली नेली. आत झिरपणारे पाणी घोड्यांच्या रहाटाने, साखळीला बांधलेल्या पोहऱ्यांनी उपसले जाई. वर आलेला कोळसा बेटाला लागलेल्या जहाजांतच भरला जाई. जो बारीक चुरा विकला जात नसे, तो किनाऱ्यावरच्या लोखंडी कढयांखाली जाळून समुद्राचे पाणी आटवीत आणि मीठ काढीत. आपल्या कोकणातल्या मिठागरांत हे काम ऊन करते. तेथे ऊन कसले? कढईखाली रात्रंदिवस जाळ लागे. परत येणारी जहाजे भार म्हणून हॉलंडकडची कौले आणीत. गावाच्या छपरांवर आज जी तांबडी कौले मोहक दिसतात त्यांचा उगम हा असा. १६१७ साली खुद्द सहावा जेम्स राजा ही खाण पाहण्यास आला होता. १६२५ च्या वादळाने ती बुडवली आणि त्याच वर्षी ब्रूसही वारला. ओहोटीच्या वेळी बेटाचे अवशेष आजही दिसतात. ब्रूसची कबर गावच्या चर्चमध्ये आहे. तीवर नवरा-बायको आणि गुडघे टेकून बसलेली त्यांची आठ मुले संगमरवरासारख्या पांढऱ्या दगडात कोरलेली आहेत.

वाड्याचे बांधकाम १५९७ ते १६११ या काळातले. याच काळात, म्हणजे १६०६ मध्ये, स्कॉटलंडच्या संसदेने कोळसा खणणारे, कोळसा वाहणारे आणि मीठ काढणारे यांच्यासाठी एक कायदा केला. आधीच्या मालकाच्या दाखल्यावाचून अशा कामगाराला कोणीही कामावर ठेवू नये. ठेवलाच, तर वर्ष आणि एक दिवसाच्या आत जुन्या मालकाने मागणी करताच चोवीस तासांत तो परत करावा. पळालेला कामगार चोर समजावा आणि त्याच्या देहाला शिक्षा व्हावी. चोरी कशाची? मालकाच्या ताब्यात असलेल्या स्वतःच्याच अंगाची! शिवाय भटके आणि धडधाकट भिकारी धरून खाणीत घालण्याची मुभा मालकांना मिळाली. १६४१ मध्ये हाच फास खाणीतल्या इतर कामगारांभोवतीही आवळला गेला. १७०१ साली विनाचौकशी कैदेपासून प्रजेला संरक्षण देणारा कायदा झाला, ज्याचा तेथे मोठा अभिमान आहे. त्यातही कोळसेवाले आणि मीठवाले यांना तो लागू नाही असे स्पष्ट लिहिले होते. खाण विकली की तिच्याबरोबर माणसेही नव्या मालकाकडे जात.

आता एक बारकावा. कायद्याने मूल जन्मतः बांधील नव्हते. ते रिवाजाने केले. कोळसेवाल्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला की मालक बापाच्या हातावर काही नाणी ठेवी. त्या पैशाला ‘आर्ल्स’ म्हणत. आपला ‘विसार’ हा शब्द त्याला चपखल बसतो : सौदा पक्का झाल्याची खूण. बाळाचे नाव ठेवण्याच्या दिवशीच बाळाचा विसार दिला जाई, आणि ते चालू लागले की खाणीत उतरे. बापाने पैसे नाकारावेत असे कोणी म्हणेल. पण नाकारणारा बाप राहत होता मालकाच्याच झोपडीत.

येथे वाचकाच्या मनात वतनाची आठवण येईल, माझ्याही आली. चार दाण्यांच्या आणि तुकडाभर जमिनीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारची आणि गावाची वेठ करावी असे महारवतन होते. १८७४ च्या कायद्याने त्याला सरकारी चौकट दिली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात त्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि ही कनिष्ठ वतने कायद्याने संपण्यास १९५८ साल उजाडले. तरी मी ही दोन्ही एका तागडीत घालणार नाही. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी दोहोंतला फरक काटेकोरपणे मांडला होता. तो धडा विसरून चालणार नाही. स्कॉटिश कोळसेवाल्याला मजुरी मिळे, आणि ती शेतमजुराच्या मजुरीपेक्षा बहुधा जास्तच असे. त्याच्या बांधिलकीला धर्मग्रंथाचा आधार नव्हता. संसदेने ती केली आणि संसदेनेच ती मोडली. म्हणूनच ती इतकी स्वच्छ दिसते : जन्मावरून माणसाचे काम ठरविण्यास देव लागतोच असे नाही, खाणमालकांचे बहुमत पुरते.

स्त्रियांची कथा याहून वाईट. नवरा खणी, बायको आणि मुली वाहत. रॉबर्ट बाल्ड नावाच्या खाण-अभियंत्याने १८०८ साली या ‘वाहकां’ची स्थिती लिहून ठेवली आहे. पाठीवर शंभर-दीडशे पौंडांचा बोजा, वर चढायला जिना, पुढे आई दातांत पेटती मेणबत्ती धरून, मागे मुली. दिवसातून कितीदा तरी. बायका-मुलींना खाणीखाली उतरविण्यास बंदी आली १८४२ मध्ये. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले दाखल झाले ते त्याच्या आदल्या वर्षी, १८४१ मध्ये. त्या मिशनऱ्यांच्या मायदेशी बाया अजून जिन्याने कोळसा वर आणीत होत्या.

मालिकेचा काळ पुन्हा ध्यानात घ्या : १७४३ ते १७४६. नायिका ज्या वर्षांत कूरॉसच्या बागेत पाला खुडते, त्या वर्षांत फोर्थच्या दोन्ही काठांवर हा कायदा पुरा जिवंत होता. मालिकेतली एक मोठी लढाई प्रेस्टनपॅन्सची. २०१६ साली तिच्यावर स्वतंत्र भाग निघाला. त्या गावाच्या नावातच मिठाच्या कढया आहेत. २१ सप्टेंबर १७४५ ला लढाई झाली त्या मैदानातून लाकडी रुळांचा एक रस्ता जात होता. ट्रानेंटच्या खाणींतला कोळसा कॉकेन्झीच्या मीठकढयांकडे नेण्यासाठी तो १७२२ साली टाकलेला. ही इस्टेट १७१५ च्या बंडात सामील झालेल्या एका जॅकोबाइट सरदाराकडून सरकारने जप्त केलेली आणि लंडनच्या एका कंपनीला विकलेली. राजनिष्ठ आणि बंडखोर यांच्यात मालकी फिरली, खाणीतला कायदा मात्र जसाच्या तसा राहिला.

कलोडननंतर विजयी सरकारने हायलँडच्या लोकांना ठेचले, त्यांच्या पट्ट्यांच्या कपड्यांवर बंदी घातली, ती १७८२ पर्यंत टिकली. पडद्यावर हे दुःख फार प्रभावीपणे येते. १७४७ मध्ये संसदेने आणखी एक गोष्ट केली. सरदारांचे वंशपरंपरागत न्यायदानाचे अधिकार काढून घेतले. म्हणजे वंशपरंपरागत सत्ता मोडता येते हे त्या संसदेला कळत होते! वंशपरंपरागत दास्य मात्र तिने आणखी अठ्ठावीस वर्षे तसेच ठेवले, कारण ती सत्ता सरदारांची होती आणि हे दास्य खाणीला उपयोगी होते.

मी पाहिलेल्या भागांत कोळसेवाला मला कोठे भेटला नाही. गुलाम भेटले, पण ते अमेरिकेत. २०१८ च्या भागांत नायक-नायिका उत्तर कॅरोलिनात जातात, तेथे नायकाच्या मावशीच्या मळ्यावर काळे गुलाम आहेत, आणि नायिकेला ते सहन होत नाही. तिचा संताप खराच. पण ते अमेरिकेतले प्रसंगही चित्रित झाले स्कॉटलंडमध्येच, याची मला गंमत वाटते. दूरचे दास्य उभे करण्यासाठी घरची जमीन वापरली, आणि त्या जमिनीचे स्वतःचे दास्य कोणाला दिसले नाही.

‘सहल म्हणजे करमणूक, तिथे हे कशाला?’ असे एका सहप्रवाशाने मला विचारले. करमणूक असती तर मी गप्प बसलो असतो. पण बसमध्ये दिवसभर ‘खरा इतिहास’ हे शब्द ऐकू येत होते. आणि पुरावा काही कोठे लपवलेला नाही. एडिंबराच्याच राष्ट्रीय संग्रहालयात फोर्थमध्ये सापडलेले पितळेचे एक गळपट्टे आहे. अलेक्झांडर स्टुअर्ट नावाच्या चोराची फाशी टळली, आणि १७०१ साली पर्थच्या न्यायालयाने तो अल्वाच्या सर जॉन अर्स्किनला कायमचा नोकर म्हणून बहाल केला, असे त्यावर कोरले आहे. तो जन्माने बांधील नव्हता हे खरे. पण माणूस भेट देता येतो, हे त्या काळच्या न्यायाधीशांना किती सहज वाटत होते ते त्या पट्ट्यावरून कळते. किल्ल्यांच्या सहलीत तो पट्टा कधी येत नाही.

सुटका हळूहळू आणि कंजूषपणे झाली. १७७५ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत हे कामगार गुलामगिरीच्या अवस्थेत आहेत, असे संसदेने स्वतःच म्हटले. करुणेइतकेच कारण होते मजुरांच्या टंचाईचे. गुलामीचा डाग असलेल्या कामाला नवी माणसे येईनात. नव्याने येणारे मोकळे, जुन्यांना मात्र वयाप्रमाणे तीन ते दहा वर्षे थांबायचे, आणि वर कोर्टात जाऊन आपले स्वातंत्र्य मागायचे. संप केला तर मुदत वाढायची. जमैकाहून आणलेल्या जोसेफ नाइटला १७७८ मध्ये स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने मुक्त ठरविले, तेव्हा कितीतरी कोळसेवाले अजून आपली वर्षे मोजत होते. विनाअट मुक्ती मिळाली १७९९ साली. ह्यू मिलर हा पाथरवटाचा लेखक झालेला माणूस १८२४ च्या सुमारास एडिंबराजवळ कामाला होता. जन्माने गुलाम असलेली माणसे त्याने तेथल्या कोळसेवाल्यांच्या वस्तीत स्वतः पाहिली.

नाइटच्या आधीचा एक खटला मला अधिक मोलाचा वाटतो. वेस्ट इंडिजमधून डॉ. डेव्हिड डॅलरिंपल याने आणलेल्या एका काळ्या गुलामाने १७६९ मध्ये फाइफमधल्या वीमिसच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, डेव्हिड स्पेन्स हे नाव धारण केले आणि मालकाला सांगितले की मी आता तुझा नाही. मालकाने त्याला पकडले. खटला एडिंबराला गेला. त्याच्या वकिलांसाठी वर्गणी जमली ती चर्चमधून, आणि देणाऱ्यांत वीमिस भागातले शेतमजूर, मीठवाले आणि कोळसेवाले होते. ज्यांना स्वतःला मोकळे होण्यास अजून कित्येक वर्षे लागायची होती, ज्यांच्या मुलांचे विसार त्याच सुमारास दिले जात होते, त्यांनी हे पैसे काढून दिले. १७७० मध्ये निकालाआधीच डॅलरिंपल मेला आणि स्पेन्स सुटला.

कूरॉसही आज फाइफमध्येच मोडते. खाडीच्या काठाने पूर्वेला गेले की डायसार्टचे जुने बंदर लागते, एके काळी तेही कोळसा आणि मिठाचेच. मालिकेने तेथे फ्रान्सचे ल हाव्र बंदर उभे केले होते. वीमिस त्याच्यापुढे थोड्याच मैलांवर आहे.