किल्ली फिरवू नकोस

तारीख २७ जुलै २००५, सकाळचे साडेआठ. तुम्ही कलिन्यात पोटरीभर चिखलात उभे आहात. भिंतीवर कालच्या पाण्याची मातकट रेघ आहे, तुमच्या खांद्याच्याही वर. गटार, डिझेल आणि कुठल्याशा तबेल्यातून वाहत आलेली मेलेली म्हैस, असा सगळा मिळून वास नाकात बसतो. खिशातला वीस वर्षांनंतरचा मोबाइल इथे नुसती काच आहे.

सांताक्रूझच्या वेधशाळेत या घडीला चोवीस तासांच्या पावसाची मोजणी होते आहे: ९४४ मिलिमीटर. कुलाब्यात जेमतेम ७३. उपनगरांवर आभाळ फाटलं, मिठी नदी फुगली, त्यात समुद्राला मोठी भरती. पाण्याने जायचं कुठे?

मित्र सोसायटीच्या गेटपाशीच आहे. त्याची मारुती ८०० तिरकी होऊन कंपाउंडला टेकली आहे. दोन वर्षांचे हप्ते अजून बाकी आहेत.

"दार उघडेना," तो सांगतो. "हँडल फिरवून काच खाली केली आणि बाहेर पडलो."

पॉवर विंडो नाही म्हणून या गाडीची थट्टा तुम्हीच केली होतीत. याच शहरात काल काही जणांच्या काचा उतरल्या नाहीत. ते गाडीतच गेले. ही बातमी त्याच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. तुम्ही सांगत नाही.

तो खिशातून किल्ली काढतो. "बघू तरी, चालू होते का."

पाऊस थांबवणं तुमच्या हातात नव्हतं. हे आहे. तुम्ही त्याचं मनगट धरता.

"किल्ली फिरवू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी असेल. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमावाले म्हणतील, इंजिन पुराने नाही, तू बिघडवलंस."

दहाचा पाना मागवून तुम्ही बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवता. डिपस्टिक ओढता, तर ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं. तो बघतो आणि किल्ली मुकाट्याने तुमच्या हातात ठेवतो. शेजारच्यांच्या रोल कॅमेऱ्यात नऊ फोटो शिल्लक आहेत. तुम्ही ते जपून वापरता: नंबरप्लेट, सीटवरची चिखलाची रेघ, डॅशबोर्डवरचा गाळात बसलेला गणपती.

वर घरात वहिनी बिनदुधाचा चहा देतात. ग्लोव्ह बॉक्समधली आरसी फुगून पुरी झाली आहे. लाइट नाही म्हणजे पंखाही नाही. तुम्ही पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालता, पॉलिसी दोरीवर चिमट्याने लावता. नुसती थर्ड पार्टी नाही, फुल्ल आहे. सुटलात.

"धुऊन घेऊ नकोस," तुम्ही सांगता. "सर्व्हेअर बघेपर्यंत गाडी आहे तशी राहू दे. ऑफिस उघडलं की अर्ज दे आणि पोच घे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या पाऊण हिश्शावर गेला तर टोटल लॉस धरतात. पैसे आधी कर्जवाल्या बँकेकडे जातील, तोवर हप्ता चुकवू नकोस. आणि या चिखलात अनवाणी फिरू नकोस. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, डॉक्टर."

ऑगस्टमध्ये लेप्टोची साथ येणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.

"तुला बरं एवढं सगळं माहीत!" वहिनी म्हणतात. तुम्ही चहाचा घोट घेता.

निघताना तो खाली गाडीपर्यंत येतो. आभाळ पुन्हा भरून आलं आहे. तो ओल्या सीटवर बसतो आणि सवयीने काचेचं हँडल फिरवू लागतो. आत गाळ करकरतो, काच अडते, पुन्हा सरकते, वर जाऊन बसते.

"काय करतोयस?"

"अरे, पाऊस आत येईल ना," तो म्हणतो. मग त्याचं त्यालाच हसू फुटतं.