साब ९९ टर्बो

साब ९९ टर्बो : स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात मांडलेली गाडी. टर्बो म्हणजे शर्यतीची हौस, हा समज तिने बराच मोडीत काढला.

युक्ती जुनीच. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या उष्ण वायूंवर चक्र फिरवायचे आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पण बीएमडब्ल्यू २००२ टर्बोसारख्या (१९७३) गाडीत जोर उशिरा येई, आणि आला की एकदम अंगावर येई.

साबच्या अभियंत्यांनी कमाल वेगाचा मोह आवरला. त्यांनी लहान, चटकन गती घेणारा टर्बो निवडला आणि हवेचा दाब आटोक्यात ठेवण्यासाठी जादा वायूंना वाट देणारी वेस्टगेट झडप बसवली. १,९८५ घनसेंमी. इंजिनातून १४५ अश्वशक्ती मिळे. आकडा डोळे दिपवणारा नाही. खरी करामत टॉर्कची: तो सुमारे ३,००० फेऱ्यांनाच पुरता हाती येई. त्यामुळे महामार्गावर पुढचा ट्रक ओलांडताना दरवेळी गिअर उतरवण्याची गरज नसे.

पुढे इंजिनाचे ‘नॉकिंग’ (इंधनाचे अवेळी पेटणे) ओळखून हवेचा दाब आपोआप घटवणारी एपीसी यंत्रणा साबने १९८० च्या दशकात आणली.