धूर गेला, धुरी राहिली

आमच्या सोलापूरकडे थंडीत शेतावर हुरड्याच्या आगट्या पेटतात. गोवऱ्यांच्या विस्तवात ज्वारीची कणसे भाजतात आणि धुराची चव दाण्यात उतरते. गॅसवर ती चव येत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. म्हणून हल्ली आमटीत, भरितात पेटत्या कोळशाची वाटी ठेवून, वर तूप सोडून धुरी देतात. ही गॅसच्या जमान्यातली पळवाट, असाच माझा बरीच वर्षे समज होता.

तो मोडला 'मानसोल्लास' वाचताना. सोलापूरहून हैदराबादच्या बाजूला निघाले की बसवकल्याण लागते. हीच कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ सुमारे ११३० चा. त्यातील अन्नाच्या प्रकरणात पदार्थांना हिंगाची धुरी द्यायला सांगितले आहे. राजाच्या स्वयंपाकघरात लाकडेच जळत होती, धुराला तोटा नव्हता. तरी धुरी निराळी द्यावी लागे. म्हणजे चुलीचा धूर आणि धुरी या मुळातच दोन गोष्टी.

याचे उत्तर कोळशात आहे. लाकूड जळताना त्यातले लिग्निन तुटते आणि धुराचा ओळखीचा वास देणारी द्रव्ये निघतात. कोळसा होईपर्यंत ती बहुतेक उडून गेलेली असतात. लाल निखाऱ्याला स्वतःचा धूर जवळजवळ नसतो. धुरी दरवळते ती तुपाची आणि हिंगाची. गॅसवर भाजलेल्या वांग्याचेही तसेच. निळ्या ज्योतीला धूर नाही, वास येतो तो करपणाऱ्या सालीचा.

आपल्याकडे १९५५ मध्ये मुंबईत बर्मा शेलने घरगुती गॅस विकायला सुरुवात केली. आमच्या घरी तो फार उशिरा आला. तोवर आई चुलीपुढे खोकत राहिली. पुढे एकदा मी चुलीवरच्या स्वयंपाकाचे कौतुक करू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "चव तुम्ही खाल्ली, धूर मी खाल्ला."

चुलीच्या आठवणी लिहिणाऱ्या आम्हा पुरुषांच्या लेखांत हे वाक्य सहसा सापडत नाही.

तीच आई आता आमटी उतरवली की पातेल्यात निखाऱ्याची वाटी ठेवते, चिमूटभर हिंग आणि चमचाभर तूप सोडते, दोन-तीन मिनिटे झाकते. खिडकी मात्र उघडी, कारण कोळशाचा वायू बंद खोलीत जिवावर बेततो. हुरड्याची चव याने येत नाही. त्यासाठी आगटीच हवी. पण हा धूर तिने स्वतः बोलावलेला असतो, आणि झाकण काढले की तो निघून जातो.