०:५२:३४ आम्लधर्मी का असतं, आणि कॅल्शियम नायट्रेटशी त्याचं का जमत नाही?

धाराशिव जिल्ह्यात ज्यांच्या घरी ठिबकवरची द्राक्षबाग आहे, त्यांना 'शून्य बावन्न चौतीस' हे आकडे पाठ असतात. नत्र ०, स्फुरद ५२, पालाश ३४ टक्के. पिशवीत असतं ते पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट.

शाळेत शिकलेलं आठवा: आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी. फॉस्फरिक आम्लाकडे देण्यासारखे तीन हायड्रोजन असतात. इथे पोटॅशियमने त्यातल्या एकाचीच जागा घेतली, दोन तसेच राहिले. असं अर्धवट उदासीन झालेलं आम्ल म्हणजे आम्लधर्मी क्षार. याच्या १ टक्का द्रावणाचा सामू साधारण ४.५ येतो. १२:६१:०० ची गोष्टही तीच, फक्त पोटॅशियमऐवजी अमोनियम.

पण नुसते हायड्रोजन मोजून भागत नाही. खाण्याच्या सोड्यातही एक हायड्रोजन शिल्लक असतो, तरी त्याचं पाणी ८ च्या वर जातं. डीएपीचंही जवळपास ८. उलट अमोनियम सल्फेटच्या सल्फेटमध्ये एकही हायड्रोजन उरलेला नाही, तरी अमोनियममुळे ते आम्लधर्मी. उरलेला हायड्रोजन पाण्यात सोडायचा कल जास्त, की नवा ओढून घ्यायचा, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे याला महत्त्व आहे, कारण काळी जमीन बहुतेक चुनखडीयुक्त आणि बोअरचं पाणी जड. सामू ७.२ च्या आसपास गेला की निम्मं डायहायड्रोजन फॉस्फेट आणखी एक हायड्रोजन सोडतं. मग ते कॅल्शियमला धरतं आणि न विरघळणारा पांढरा साका होतो. ०:५२:३४ स्वतःच आम्लधर्मी असल्याने ठिबकमधून नीट जातं. डीएपी ठिबकला म्हणूनच चालत नाही.

मात्र या आम्लतेलाही मर्यादा आहे. त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट टाकलं, तर त्या घट्ट द्रावणात कॅल्शियम इतकं होतं की साका बसतोच. मग फिल्टर भरतो, ड्रिपर चोक होतात, आणि दोन्ही खतांचे पैसे नळीत अडकतात. फॉस्फेटचा साका आम्लाने धुता तरी येतो. सल्फेटवाल्या खतात कॅल्शियम मिसळून जिप्सम झालं, तर आम्लाचाही फारसा उपयोग नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'या खताने जमिनीचा सामू उतरतो' असे मेसेज फिरतात. एकरी काही किलोंनी चुनखडीच्या जमिनीचा सामू हलत नाही. चुना तेवढं आम्ल सहज पचवतो.

शंका असेल तर काचेच्या बरणीत बोअरचंच पाणी घ्या, खतं टाकीतल्याच प्रमाणात मिसळा आणि अर्धा तास थांबा. पाणी दुधाळ झालं तर ती जोडी एका टाकीत नको: वेगळ्या दिवशी सोडा, आणि मधे साधं पाणी चालवा.