जुनी बाईक चालवताना डुलते? मेकॅनिककडे जाण्याआधी घरीच करा या ७ तपासण्या

अमरमहलवरून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागलात, वेग पन्नाशीच्या पुढे गेला आणि हँडल हातात थरथरायला लागलं. किंवा वळणावर मागचं चाक आपल्याच मर्जीने चालल्यासारखं वाटलं. टाकीवर अजून ‘हीरो होंडा’ लिहिलेली, दहा-पंधरा वर्षं वापरलेली बाईक असेल, तर हा अनुभव अनेकांना येतो. ‘जुनी झाली, चालायचंच’ म्हणून बहुतेक जण तशीच दामटतात.

पण हे दुर्लक्ष महागात पडू शकतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यातले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हे सगळे अपघात गाडीतल्या बिघाडाने झाले असं नाही. पण खड्डा चुकवताना किंवा अचानक ब्रेक लावताना गाडी सरळ राहणं किती गरजेचं आहे, हे त्यावरून कळतं.

आधी समजून घ्या : नक्की काय डुलतंय?

बाईकचं पुढचं चाक सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीच्या चाकासारखं काम करतं. ते हँडलच्या अक्षाच्या किंचित मागे जमिनीला टेकतं, म्हणून आपोआप सरळ होतं. कुठे ढिलेपणा आला की ते सरळ होताना पलीकडे जातं, परत येतं आणि थरथर सुरू होते. ती दोन प्रकारची असते :

- फक्त हँडल भराभर थरथरतं : संशय पुढच्या भागावर. टायर, रिम, बेअरिंग, कोन सेट.
- अख्खी गाडी संथपणे सापासारखी डुलते : बहुधा वेग जास्त असताना. संशय मागच्या भागावर. चिमटा, मागचे शॉकअप, मागचं टायर किंवा मागे लादलेलं वजन.

दोष रस्त्याचा की गाडीचा?

पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या पट्ट्यांमधले सांधे, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडसारख्या पुलांवरचे जोड, वाशी खाडीपुलावरचा आडवा वारा किंवा माहुलकडून येणारा टँकर शेजारून जाताना बसणारा झोत, यांत चांगली गाडीही हलते. म्हणून एकाच जागी हलली तर दोष रस्त्याचा असू शकतो. वेगवेगळ्या सपाट रस्त्यांवर ठरावीक वेगाला हलली, तर दोष गाडीचा. हे बघण्यासाठी हँडल सोडून चालवू नका.

७ तपासण्या : फुकटापासून खर्चिकापर्यंत

गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी लावा. पुढचं चाक तपासताना एकाला मागची सीट दाबून धरायला सांगा, म्हणजे ते उचललं जाईल.

१. हवा आणि टायर : हवा टायर थंड असताना मोजा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असेल तर बघा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं, भेगा पडलेलं किंवा मधोमध सपाट घासलेलं टायर गाडी डुलवतं.

२. रिम : फोर्कला पेन्सिल टेकवून चाक फिरवा. पेन्सिल आणि रिममधली फट कमी-जास्त झाली तर रिम ‘आउट’ आहे. तारांचं चाक असेल तर प्रत्येक तार बोटाने दाबून ढिली आहे का बघा.

३. चाकाचं बेअरिंग : टायर वर आणि खाली धरून आलटून पालटून ढकला-ओढा. ‘खट’ जाणवलं तर बेअरिंग गेलं. पुढच्या चाकाला हा खेळ कोन सेटचाही असू शकतो, म्हणून पुढची तपासणी करूनच निष्कर्ष काढा.

४. कोन सेट : जुन्या गाडीत सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते इथे. हँडलच्या दांड्याभोवती सुट्या गोळ्या असतात. आपण बराच वेळ सरळच चालवतो, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा दणका गोळ्यांच्या त्याच जागांवर बसतो आणि तिथे खाचा पडतात. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. बरोबर मध्यावर ‘अडकल्यासारखं’ झालं तर खाच पडली आहे. मग नट आवळून उपयोग नाही, सेट बदलावाच लागतो. ढिलेपणा बघायला पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे ढकला आणि हँडल व फ्रेमच्या सांध्यावर बोट ठेवा. हालचाल नेमकी तिथेच जाणवली पाहिजे, कारण ड्रम ब्रेकही थोडा हलतो. जास्त आवळलेला कोन सेटही वाईट. मग कमी वेगात गाडी सरळ रेषेत राहत नाही.

५. फोर्क : ब्रेक दाबून पुढचा भाग दोन-तीनदा खाली दाबा. पाइपवर तेल दिसलं किंवा गाडी उसळत राहिली तर सील किंवा तेल बदलायची वेळ झाली.

६. चिमटा आणि मागचे शॉकअप : मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. बेअरिंग ठीक असूनही चिमटा हलला तर बुश झिजले. शॉकअप एकच बदललेला असेल तर दोन्ही बाजू सारख्या काम करत नाहीत. जोडीने बदला.

७. चाकं एका रेषेत आहेत का : चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवतात. पण जुन्या गाडीत खुणांवर भिस्त नको. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणा. पुढच्या टायरपाशी दोन्हीकडे फट सारखी हवी. चेन नीट असूनही फरक राहिला तर फ्रेम किंवा फोर्क वाकल्याची शक्यता आहे, विशेषतः गाडी आधी कुठे आदळली असेल तर.

डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी

मागे उंचावर मोठी बॅग बांधली की पुढच्या चाकावरचं वजन घटतं आणि हँडल हलकं पडतं. आधी रिकाम्या गाडीवर फेरी मारा. थरथर थांबली तर जड सामान खाली आणि पुढे सरकवा. थांबली नाही तर दोष गाडीतच आहे.

चालत्या गाडीत हँडल थरथरलं तर?

- हँडल घट्ट आवळू नका, हात सैल पण हँडलवरच ठेवा.
- गुडघ्यांनी टाकी धरा, थोडं पुढे झुका.
- अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.

मेकॅनिकला काय सांगाल?

‘गाडी हलते’ एवढंच सांगितलं तर अंदाजाने टायर बदललं जातं आणि थरथर तशीच राहते. चार गोष्टी सांगा : कोणत्या वेगाला हलते, हँडल हलतं की अख्खी गाडी, ब्रेक लावताना वाढते का, आणि एकटे असताना हलते की मागे कोणी बसल्यावर.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. चेंबूरच्या एमएच-०३ गाड्यांना नूतनीकरणासाठी वडाळा आरटीओत जावं लागतं आणि तिथे गाडीची तपासणी होते. हे काम त्याआधीच उरका. मात्र चाकाचं बेअरिंग किंवा चिमटा हाताला हलत असेल, तर त्या तारखेची वाट बघू नका. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभीच ठेवा.