देवघरातला किडा

गेल्या आठवड्यात नातवाने कॉम्प्युटरवर एक जुना फोटो दाखवला. काळोखा समुद्रतळ, चिखलात उभी काठी आणि तिला ठरावीक अंतराने आडव्या काड्या. "आजोबा, काय असेल हे?" मी म्हटलं, टीव्हीचा अँटेना! साताऱ्यात पूर्वी कौलाकौलांवर असायचे तसा.

गंमत म्हणजे असं म्हणणारा मी पहिला नव्हे. २९ ऑगस्ट १९६४ रोजी एल्टॅनिन या अमेरिकन संशोधन जहाजाने केप हॉर्नच्या पश्चिमेला, ३,९०४ मीटर खोलीवर कॅमेरा सोडून तो फोटो काढला. डिसेंबरात तो न्यूझीलंडच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि पुढे मजल पार परग्रहवासीयांच्या यंत्रापर्यंत गेली. निघाला मात्र स्पंज, म्हणजे चक्क प्राणी! या जातीचं वर्णन १८८० सालीच झालेलं होतं. हीझन आणि हॉलिस्टर यांनी १९७१च्या पुस्तकात फोटोतल्या वस्तूची ओळखही छापली. तरी २००३ सालापर्यंत यंत्राची कथा चालूच. पुस्तक उघडतो कोण?

हसलो खरा, पण मग सांगलीच्या आमच्या घरातला शाळिग्राम आठवला. काळा, गुळगुळीत, आत चक्र. आई म्हणायची, वज्रकीट नावाच्या किड्याने कोरलंय. मी नुकताच बी.ए. झालेलो. ठणकावून सांगितलं, "अगं, किडा कुठे दगड कोरतो? कारागीर छिन्नीने कोरतात आणि यात्रेकरूंना विकतात." वर्गातही वर्षानुवर्षं तेच सांगितलं.

नकली शाळिग्राम कोरतातही, ते सोडा. पण गंडकीतला अस्सल चक्रांकित शाळिग्राम म्हणजे अ‍ॅमोनाइट, ऑक्टोपसचा दूरचा नातलग. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. त्याच्या तळच्या चिखलात सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी या प्राण्याचं शंखासारखं कवच गाडलं गेलं आणि त्याचा ठसा दगडात राहिला. आपल्या कृष्णेत तो सापडायचा नाही, कारण इथला दगड लाव्ह्याचा. तो लाव्हा वाहत होता साधारण त्याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, अ‍ॅमोनाइट जगातून संपले.

म्हणजे किड्याने कोरलं नव्हतं, पण चक्र एका जिवाचं होतं. आईचं निम्मं तरी बरोबर. माझं काहीच नाही. तिला हे सांगायचं राहून गेलं.

शाळिग्राम आता धाकट्या भावाकडे असतो. यंदा तुळशीच्या लग्नाला सांगलीला जायचं आहे. भावजयीला आताच फोन करून ठेवलाय, पूजा झाली की जरा माझ्या हातात दे म्हणून.