पितळी पुंगळीचा पुनरुपयोग आणि नेमातील एकरूपता

एकोणिसाव्या शतकातील बंदुकीच्या इतिहासात अचूकतेचे श्रेय सामान्यतः दोन गोष्टींना दिले जाते : आटे पाडलेल्या नळीला आणि कारखान्यातील यांत्रिक उत्पादनाला. हे श्रेय अयोग्य नव्हे, परंतु ते अपुरे आहे. दारू, गोळी व टोपी यांना एकत्र धरून ठेवणारी पितळी पुंगळी त्या विवेचनात बहुधा उपेक्षित राहते. बार उडाल्यावर टाकून द्यावयाची वस्तू एवढेच तिचे स्वरूप मानले, तर तिच्या इतिहासाचा अर्धा भाग दृष्टिआड होतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत एकरूपता साधण्याचे दोन भिन्न मार्ग होते. एक, अनेक वस्तू एकसारख्या घडविण्याचा. दुसरा, एकच वस्तू पुनःपुन्हा वापरण्याचा. या दुसऱ्या मार्गाची दखल घेतल्यावाचून अचूकतेचा इतिहास पुरा होत नाही, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

१८६६ या वर्षी इंग्लंडात एडवर्ड बॉक्सर याने व अमेरिकेत हायरम बर्डन याने, तळाच्या मध्यभागी टोपी असणाऱ्या काडतुसाच्या दोन रचना पुढे आणल्या. बॉक्सरच्या टोपीत लहानशी ऐरण टोपीतच सामावलेली असते, आणि ज्वाला दारूपर्यंत पोचण्यास पुंगळीच्या तळाशी मधोमध एक छिद्र पुरते. बर्डनच्या रचनेत ऐरण हा पुंगळीच्या तळाचाच भाग असून छिद्रे बहुधा दोन व बाजूस असतात. भेद किरकोळ भासतो, पण त्याचे परिणाम किरकोळ नव्हते. पहिल्या प्रकारात पुंगळीच्या तोंडातून सळई घालून वापरलेली टोपी सहज बाहेर ढकलता येते. दुसऱ्या प्रकारात ते काम कष्टाचे होते. पुढे इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली व अमेरिकनाची युरोपातील सैन्यांत, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय. अमेरिकेतील नागरी नेमबाजांत स्वहस्ते काडतूस भरण्याची जी प्रथा वाढली, तिला बॉक्सरची टोपी उपकारक ठरली.

नव्या काडतुसाची कसोटी २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे लागली. आयरिश संघाजवळ रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, तर अमेरिकन संघाजवळ रेमिंग्टन व शार्प्स यांच्या मागून भरावयाच्या. ८००, ९०० व १,००० यार्डांवरून प्रत्येक संघातील सहा जणांनी प्रत्येकी ४५ बार काढले. १,०८० पैकी अमेरिकनांना ९३४ व आयरिशांना ९३१ गुण मिळाले. एका मध्यवेधाचे गुण चार असत. एका आयरिश नेमबाजाची गोळी भलत्याच निशाणावर लागून वाया गेली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून या निकालाने मागून भरावयाच्या बंदुकीचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ती ठासणीच्या बंदुकीच्या बरोबरीस आली, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

ठासणीच्या बंदुकीचे बळ कशात होते? प्रत्येक बार नेमबाज आपल्या हाताने, एकाच रीतीने जुळवीत असे. हा गुण पितळी पुंगळीच्या युगात कसा राखावा, याचे सर्वांत ठळक उत्तर अमेरिकेतील जर्मनवंशीय मंडळींच्या ‘शूत्सेन’ स्पर्धांत सापडते. तेथे २०० यार्डांवर नेम धरला जाई. प्रसिद्ध नळीकार हॅरी पोप (१८६१–१९५०) याच्या पद्धतीत गोळी नळीच्या तोंडाकडून आत उतरवीत आणि दारू भरलेली पुंगळी मागून बसवीत. दिवसभर एकच पुंगळी पुनःपुन्हा भरून वापरली तरी चाले. शंभर पुंगळ्यांच्या जाडीत व पोकळीत जे सूक्ष्म फरक असावयाचे, त्यांचा प्रश्नच तेथे उरत नसे.

परंतु जेथे गोळी पुंगळीच्या मानेत घट्ट बसवावी लागते, तेथे हा मार्ग इतका सरळ राहत नाही. बार उडताच पुंगळी फुगून कोठ्याच्या भिंतीला भिडते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आकसते. पुन्हा गोळी धरण्यासाठी तिची मान साच्यात दाबून पूर्ववत करावी लागते. या फुगण्या-दबण्याने पितळ कठीण होत जाते. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम ज्याने पाहिले आहे, त्याला ठोक्यांनी भांडे कणखर होते हे सांगावयास नको. मान कठीण झाली म्हणजे गोळीवरील पकड बदलते. पकडीतील फरकाने गोळीचा वेग बदलतो. आणि वेगातील हा अल्प फरक १,००० यार्डांवर वेध वरखाली झाल्याच्या रूपाने प्रकट होतो. शेवटी मानेला तडेही जातात. यावरील उपाय म्हणजे मान तापवून पितळ पुन्हा मऊ करणे. मात्र दाब सोसणारा तळ कठीणच राहिला पाहिजे. तात्पर्य, पुंगळी तीच राहिली तरी तिचे पितळ तेच राहत नाही.

मग नवी पुंगळी तरी निष्कलंक असते काय? याचे उत्तर भारतातील एका अनुभवाने दिले. सुमारे सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त यांच्या पितळेची चकती टप्प्याटप्प्याने ओढून, मधूनमधून तापवून, पुंगळी घडविली जाते. ब्रिटिश सैन्याच्या येथील साठ्यांत, विशेषतः पागांजवळ ठेवलेल्या काडतुसांना, एकही बार न उडता पावसाळ्यात तडे जात. इंग्रजीतील या विकाराच्या नावातही ऋतूचाच उल्लेख आहे. ओढकामात पितळेत कोंडून राहिलेला ताण आणि दमट हवेतील अमोनिया यांच्या संयोगाने हे घडते, असे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली स्पष्ट केले. घडणीनंतर मंद तापवून तो ताण कमी करणे हा त्यावरील उपाय होय.

पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली स्थापन झालेला आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत समाविष्ट असलेला दारूगोळा कारखाना हे पहिल्या मार्गाचे आपल्याकडील उदाहरण. लक्षावधी सैनिकांना लागणारे काडतूस याच मार्गाने होऊ शकते. इंग्लंडात बिस्ली येथील प्रमुख स्पर्धांत दीर्घकाळ सर्वांना एकाच प्रकारची काडतुसे पुरविण्यात आली, त्यामागेही परीक्षा माणसाची व्हावी, पुंगळी भरण्याच्या कौशल्याची नव्हे, हाच हेतू होता. उलट, स्वतः पुंगळी भरणाऱ्याने कौशल्याचा तो भागही नेमबाजीत अंतर्भूत केला. दोन्ही मार्ग अखेर एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एकरूपता ही वस्तूच्या नवेपणावर अवलंबून नसून, ती कशी घडली, किती वेळा ताणली व केव्हा तापविली, याच्या नेमक्या ज्ञानावर अवलंबून असते. यंत्रयुगातील अचूकतेचा अभ्यास करणाऱ्याने कारखान्याच्या उत्पादनाचे आकडे पाहावेतच; पण वापरलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले, हा प्रश्नही तितक्याच आस्थेने विचारला पाहिजे.